भेंडीचे टोक आणि प्रयोगशाळेचा तराजू

भेंडी घेताना टोक मोडून पाहण्याची गृहिणींची रीत भाजीवाल्यांना आवडत नाही. भौतिकीच्या दृष्टीने मात्र ती चोख कसोटी आहे. कोवळ्या भेंडीच्या पेशी पाण्याने ताठरलेल्या असतात आणि त्यांत तंतू थोडे असतात. त्यामुळे पडलेला तडा विनासायास आरपार जातो. फळ जून होऊ लागले की काष्ठमय तंतू वाढतात व तडा अडवतात. टोक मग मोडत नाही, नुसते वाकते.

छत्तीसगडीत भेंडीला रमकेलिया म्हणतात. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय (स्थापना १९८७) हे भाजीपाला पिकांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधनाचे एक केंद्र आहे. अशा केंद्रांत अनेक वाण शेजारी शेजारी लावून पारखले जातात. कोणता वाण कोणत्या वाफ्यात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते आणि प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पुन्हा लावला जातो. अन्यथा मातीचा कस आणि पाण्याचा ओघ यांचे श्रेय वाणाला मिळेल.

फळाची लांबी, जाडी, शिरा आणि रंग यांची मोजणी त्यामानाने सोपी, पोषणमूल्याची अवघड. भेंडीचे फूल एकच दिवस टिकते आणि त्यानंतर साधारण पाच ते सात दिवसांत फळ तोडणीस येते. या काळात तंतू, चिकटपणा आणि जीवनसत्त्वे झपाट्याने बदलत असतात. एका वाणाची पाचव्या दिवसाची फळे दुसऱ्याच्या आठव्या दिवसाच्या फळांशी ताडली, तर ती तुलना वाणांची राहत नाही, वयांची होते. म्हणून फूल उमलले त्या दिवसाची खूण देठाला बांधून ठेवावी लागते.

दुसरा सापळा पाण्याचा. ताज्या भेंडीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये शुष्क भाग १० ग्रॅम. रायपूरच्या उन्हाळ्यात तोडलेल्या फळांतून १७ ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेल्या ८३ ग्रॅममध्ये तेच १० ग्रॅम राहतात. शुष्क भागाचे प्रमाण १२ टक्क्यांवर जाते, आणि कॅल्शियम कणभरही न वाढता कागदावर पाचव्या हिश्शाने वाढलेले दिसते. क जीवनसत्त्व मात्र त्याच वेळी घटत असते. सुकत चाललेली भेंडी एका रकान्यात सरस आणि दुसऱ्यात निकस ठरते.

वाणांची निवड आजवर मुख्यतः पोषणासाठी झालेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पीतशिरा रोग पानांच्या शिरा पिवळ्या करतो आणि फळेही फिकट व राठ करतो. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ मध्येच झाली होती. ‘पुसा सावनी’ हा लोकप्रिय वाण पुढे या रोगाला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा रानटी नातेवाईक प्रजातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ घडवला. पीक वाचवणे हीच तेव्हाची पहिली गुणवत्ता होती आणि ते योग्यच होते. अँथोसायनिनयुक्त लाल रंगासाठी ओळखला जाणारा वाराणसीचा ‘काशी लालिमा’ अलीकडचा. परंतु हे रंगद्रव्य पाण्यात विरघळते. लाल भेंडी शिजवली की बरीचशी हिरवट होते. कच्च्या फळावरचा आकडा ताटात तसाच उतरत नाही.

छत्तीसगडसारख्या राज्यात कुपोषण हा केवळ परिसंवादाचा विषय नाही. परसबागेत कोणते बी द्यावे, हे अशा तक्त्यांवरून ठरू शकते. म्हणून ‘सर्वाधिक पौष्टिक वाण’ अशी बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत: फळे किती दिवसांची होती? आकडे ताज्या वजनावर की शुष्क? किती हंगामांचे? कच्च्या भेंडीचे की शिजवलेल्या? यांची उत्तरे तक्त्याखाली नसतील, तर पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातील अंतर वाणाचे असेल, उन्हाचे असेल किंवा दोन दिवस उशिरा झालेल्या तोडणीचेही असेल.