अर्ध्या ताटाचा हिशोब

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाला किती ताटं लागतील, हा हिशोब माझ्याकडे असतो. २००९ साली मी त्यासाठी पायथन भाषेत एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. मोठ्या माणसाचं एक ताट, लहान मुलाचं अर्धं; प्रत्येक कुटुंबाची बेरीज पूर्णांकात आणायची आणि एकूण आकडा स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकूंना द्यायचा. दहा वर्षं काकूंनी त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला.

२०१९ मध्ये जुना लॅपटॉप गेला. पायथनची दुसरी आवृत्तीही १ जानेवारी २०२० ला निवृत्त होणार, हे जाहीर झालं होतं. म्हणून नव्या लॅपटॉपवर थेट तिसरी घेतली. ही तिसरी तशी डिसेंबर २००८ मधली, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमपेक्षाही जुनी! पण तेव्हा बरेचजण दुसरीतच रमले होते, मीही.

प्रोग्रॅम पहिल्याच प्रिंटच्या ओळीवर अडला. नव्या आवृत्तीत प्रिंटला कंस लागतो. कंस घातले, एकदोन किरकोळ तक्रारी मिटवल्या आणि आकडा आला. सौ.ला म्हटलं, "बघ, अर्ध्या तासात काम फत्ते!"

उत्सवाच्या दिवशी आरती झाली, पंगती बसल्या. शेवटच्या पंगतीला आधी मसालेभात संपला, मग पुऱ्या. काकू बाहेर आल्या, बोलल्या काहीच नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून राबलेल्या कार्यकर्त्यांनी एकेका मोदकावर भागवलं. भारतातून लेकीकडे आलेल्या एका आजींना वाढायला भात उरला नव्हता. "असू दे रे, चालायचंच," त्या म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

रात्री झोप येईना. कागद घेऊन एकेक कुटुंब मांडलं. नवरा-बायको आणि एक मूल, म्हणजे अडीच ताटं. जुन्या आवृत्तीत 'राउंड' अडीचचे तीन करायचा. नव्यात झाले दोन! साडेतीनचे मात्र दोन्हीकडे चार. तिसऱ्या आवृत्तीत बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो. त्याला कारणही आहे. अर्धा नेहमी वरच ढकलला तर मोठ्या बेरजा फुगतात. सम संख्येकडे नेला तर कधी वर, कधी खाली जाऊन तोल राहतो. शास्त्र उत्तम, पण आमच्याकडे अशी तिघांची कुटुंबंच ४०. पूर्वी त्यांची १२० ताटं व्हायची, आता ८० झाली, आणि खरी गरज होती १०० ची.

चूक भाषेची नव्हती. प्रिंट ओरडला म्हणून मी धावलो. राउंड गप्प राहिला म्हणून मी निर्धास्त झालो. गेल्या वर्षीची यादी एकदा नव्या आवृत्तीला दिली असती, तर फरक तिथेच दिसला असता. आता आवृत्ती बदलली की आधी तेच करतो.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून सगळं सांगितलं. सम-विषम त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अरे, अन्नाच्या बाबतीत अर्धं नेहमी वरच धरायचं. एवढं तरी शिकव त्याला!"

शिकवलं. आता अपूर्णांक आला की प्रोग्रॅम वरच जातो. उरलेला मसालेभात डब्यांतून घरोघरी जातो, आणि त्याबद्दल अजून कोणाची तक्रार आलेली नाही.