आगीनंतरचा वाडा

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून एसटीने गोंदिया गाठलं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. नागझिऱ्याकडचं रान मागे पडलं, तिरोड्यानंतर वैनगंगेचा पूल आला. जायचं होतं पुण्याला, विश्रामबाग वाडा पाहायला. वाटेत नागपूर लागलं आणि महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा आठवला. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला तो राजवाडा १८६४ साली जळाला. उरला तो नगारखाना.

दुसऱ्या दिवशी बाजीराव रस्त्यावर विश्रामबागेसमोर उभा राहिलो, तेव्हा नजर आधी वरच्या सज्ज्यावर गेली. शनिवारवाड्याला तट आणि बुरूज आहेत. इथे मात्र कोरीव लाकडाचा दर्शनी भाग थेट रस्त्याला भिडतो. दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७च्या सुमारास हा वाडा राहण्यासाठी बांधून घेतला. आत गेलं की चौकाचौकांतून उजेड येतो. दिवाणखान्यात सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी आणि केळफुलांची नक्षी. सागाच्या मुलखातून आलेल्या माझा हात त्या खांबांवरून निघेना. एवढ्या कठीण लाकडातून इतकी नाजूक पाकळी काढणारे सुतार कोण होते, त्यांची नावं भिंतीवर कुठेच नाहीत.

पेशवाई १८१८ साली बुडाली. तीनच वर्षांनी वाड्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. ब्राह्मणांना दक्षिणा देण्याच्या निधीतून तिचा खर्च चाले. मग १८७९च्या आगीने विश्रामबागेचा दर्शनी भाग गिळला. त्याच वेळी पेशव्यांचा बुधवारवाडाही जळाला आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेसाठी मात्र लोकांनी वर्गणी काढली आणि जळालेला भाग पुन्हा उभा राहिला. पुढे इथे सरकारी कचेऱ्या आल्या, टपाल कचेरी आली. वाड्यात माणसांची ये-जा राहिली, म्हणून त्याची डागडुजीही होत राहिली, असं मला वाटतं.

परतीच्या गाडीत आमच्याकडचे मालगुजारांचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे, वाडे डोळ्यांपुढे आले. मालगुजारी १९५१ साली संपली; पण मालगुजारांनी बांधलेल्या तलावांवर धानाची शेती आजही भिजते, म्हणून या मामा (माजी मालगुजारी) तलावांची पाळ गावाला आपली वाटते. वाड्यांनाही असंच काम द्यायला हवं. ज्या गावात असा वाडा उभा आहे, तिथे त्याच्या ओसरीवर वाचनालय सुरू व्हावं, माडीवर मुलांची अभ्यासिका भरावी. कौलं फुटली तर ती बदलायला मग गावच पुढे येईल.