शाळेची घंटा आणि खालांची गल्ली

जळगावहून एरंडोल, पारोळा मागे टाकले की धुळे येते. गेल्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी आम्ही दोघे शिक्षक तीन दिवस तिथे होतो. मुक्काम जुन्या शहरात, नात्यातल्या एका खालांकडे.

जुने धुळे फिरून पाहावे असे आहे. कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ च्या सुमारास नव्या पेठेची आखणी केली. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना सरळ गल्ल्या आहेत आणि त्यांना नावाऐवजी नंबर आहेत. नवखा माणूसही सहसा चुकत नाही.

खालांच्या ओट्यावरून शाळेचे फाटक दिसते. दुपारी सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते. त्या वीस मिनिटांत रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या आणि मुले, सगळे एकाच अरुंद गल्लीत! दुसऱ्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत एका चिमुरडीच्या पायावरून रिक्षाचे चाक जाता जाता राहिले. अल्लाहनेच वाचवले.

आम्ही तावातावाने म्हणालो, "शाळा सुटताना ही गल्ली बंदच करायला हवी."

खाला म्हणाल्या, "बेटा, बंद कुणासाठी? तुझ्या खालूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे असते. रिक्षा कोपऱ्यावर थांबली तर त्यांना उचलून कोण आणणार?"

आम्ही निरुत्तर झालो. गल्लीत राहणाऱ्यांना विचारावे, हे आम्हाला सुचलेच नव्हते.

खरे तर दोन्ही गोष्टी साधता येतात. इटलीतील बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळा भरता-सुटताना काही रस्ते थोडा वेळ वाहनांना बंद असतात. लंडनमध्येही अशा रस्त्यांवर तिथल्या रहिवाशांच्या गाड्यांना आणि रुग्णवाहिकांना सूट मिळते. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळेसमोर मुलांना चालण्यासाठी वेगळी जागा आखून दिली गेली. आपल्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात. निर्बंध महिन्याभरापुरता असेल, तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केले तरी चालते. म्हणजे महिनाभर करून पाहता येते.

धुळ्यात एक गल्ली थांबली तर शेजारची मोकळी आहे. पण तिथेही माणसेच राहतात, गर्दी त्यांच्या दारात जाईल. म्हणून विचारायचे तर दोन्ही गल्ल्यांना. आमच्या जळगावात तर जुना महामार्ग शहराच्या मधून जातो. तो बंद होणार नाही, तिथे सुरक्षितपणे ओलांडण्याची सोयच हवी. आतल्या शाळांच्या गल्ल्यांचा विचार मात्र आपण करू शकतो.

रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणे ही नेकी आहे, हे आपण मुलांना शिकवतो. शेजाऱ्याचा हकही शिकवतो. दोन्ही धडे एकाच गल्लीत पाळायचे आहेत.

शेवटच्या दिवशी खालांच्या नातवाला घेऊन आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. रिक्षावाल्यांनी विनंती ऐकली. हुज्जत घातली ती दुचाकीवरच्या पालकांनी. तेवढ्यात खालूंची रिक्षा आली. मुले बाजूला झाली, रिक्षा हळूच थेट दारापर्यंत गेली.

जळगावला परतल्यावर लक्षात आले, आमच्याही दुचाक्या रोज शाळेच्या फाटकालाच लागतात. आता त्या अलीकडच्या वळणावर लावतो. गल्लीतल्या घरांना भेटायला सुरुवात केली आहे. पहिला प्रश्न एकच विचारतो, "तुमच्या घरी कुणी आजारी आहे का?"