दुसऱ्याच्या कानांनी

माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. तिच्या कागदावर निळ्या शाईनं, उजवीकडे किंचित कललेल्या अक्षरांत गाण्यांची नावं लिहिली आहेत. शाई उडत चालली आहे, पण मला ती यादी वाचावी लागत नाही. पहिलं गाणं संपत आलं की दुसऱ्याचा सूर मनात आपोआप लागतो. त्या दोन गाण्यांची गाठ कुठल्या संगीतकारानं घातलेली नाही, माझ्या मैत्रिणीनं घातली आहे.

साल 1984. आमचं बिऱ्हाड पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, तिचं घर कॅम्पात. तिचे वडील गोव्याचे, बोटीवर नोकरीला. ते सुट्टीवर आले की बॅगेतून कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेल्या कॅसेटी निघायच्या. क्वीन, पिंक फ्लॉइड, डायर स्ट्रेट्स. आमची सकाळ आकाशवाणीवरच्या भक्तिगीतांनी उजाडायची. ही गाणी ऐकताना मी शब्द पकडायला धडपडायचे, आणि ती म्हणायची, “अगं, शब्द नंतर. आधी नुसतं ऐक.”

एका रविवारी ती बसनं आपला टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आली. आमचा आणि तिचा, असे दोन टेपरेकॉर्डर आम्ही जमिनीवर समोरासमोर ठेवले. एक गाणार, दुसरा ऐकणार. पंखा बंद केला, खिडकी लावली, घरातल्यांना गप्प राहायला सांगितलं आणि दोघी श्वास आवरून बसलो. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. एका बाजूची 45 मिनिटं म्हणजे सुमारे 130 मीटर फीत. ती सगळी आमच्या डोळ्यांदेखत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गेली.

तेव्हा गाणं द्यायचं तर असं बसावंच लागे. 45 मिनिटांची गाणी द्यायला 45 मिनिटं लागत आणि त्यातलं प्रत्येक गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागे. पण ते ऐकणं नेहमीसारखं नसे. पुढे मीही इतरांसाठी कॅसेटी भरल्या, तेव्हा ते ध्यानात आलं. शंभरदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या कुणासाठी भरायला घेतलं की ते अनोळखी होऊन समोर येतं. हा गिटारचा तुकडा तिला आवडेल का? इथे तिला कंटाळा तर येणार नाही? आपण आपल्या जागी बसलेले असतो, पण कान दुसऱ्याचे असतात.

त्या रविवारी शेवटचं गाणं होतं क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. गाणं उसळून, गर्जून शेवटी निवत जातं. पियानो हळू होतो, आवाज जवळजवळ पुटपुटण्यापर्यंत उतरतो. नेमक्या त्या क्षणी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, पूर्ण शिट्टी. पाठोपाठ आईची हाक आली, “भात झाला गं, या जेवायला!” शिट्टी थांबताच मैत्रिणीनं झटकन बटण दाबलं होतं. हाक फितीवर आली नाही, शिट्टी मात्र फितीवर कायमची राहिली. पुन्हा भरूया, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, “राहू दे. आता हे तुमच्या घरचं गाणं झालं.”

हे गाणं 1975 चं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. रेडिओसाठी ते फार लांब आहे, असं जाणकारांचं मत होतं. तरी प्रकाशनापूर्वी लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट याच्या हाती त्याची प्रत पडली. वाजवायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं. पण त्याच्यानं राहवलं नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत त्यानं ते 14 वेळा वाजवलं, असं सांगतात. पुढे हेच गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मला या हकिकतीत त्या 14 वेळा फार मोलाच्या वाटतात. आवडलेलं गाणं एकट्यानं ऐकून माणसाचं भागत नाही, ते कुणाच्या तरी कानांवर घातल्याशिवाय ऐकणं पुरं होत नाही.

आणि ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शाळा शिकला पाचगणीला, आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर. तिथेच पियानोवर त्याचा हात बसला, तिथेच शाळकरी मित्रांचा त्याचा पहिला बँड जमला. हे मला कित्येक वर्षांनी कळलं. कळल्यावर पहिला फोन मैत्रिणीलाच केला.

वाड्यात समोरच्या खोलीत अण्णा राहायचे. निवृत्त मास्तर, शास्त्रीय संगीताचे जुने कानसेन. एका दुपारी मी पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ लावली होती. तिच्यात एका ठिकाणी क्लेअर टॉरी ही गायिका शब्दांवाचून गाते. जानेवारी 1973 मध्ये तिला लंडनच्या स्टुडिओत बोलावलं आणि तीस पौंड बिदागी दिली. तिनं तिथल्या तिथे जे सुचलं ते गायलं. पुढे 2005 मध्ये त्या रचनेच्या श्रेयात तिचं नाव लागलं. हा तपशील तेव्हा मला ठाऊक नव्हता. अण्णा दारात येऊन उभे राहिले. तुकडा संपल्यावर म्हणाले, “पोरी, परत लाव.” दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात हवेत सुराबरोबर वर गेला आणि सुराबरोबरच खाली आला. तोवर मला तो आकांत वाटत होता. अण्णांच्या हाताकडे पाहत ऐकलं, तेव्हा त्यातली आलापी दिसली. संध्याकाळी त्यांनी किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाची कॅसेट माझ्या हातात ठेवली. “आता तू हे ऐक,” एवढंच म्हणाले. भूपाची वाट मला लंडनवरून सापडली.

आता मैत्रीण इंग्लंडमध्ये राहते. गाणी येतात-जातात, बोट टेकवलं की पोचतात. मला त्याचं अप्रूपच वाटतं. फक्त एक नेम मी पाळते. तिला गाणं पाठवण्याआधी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, तिच्या कानांनी.

गेल्या महिन्यात तिनं विचारलं, “ती शिट्टी आहे का गं अजून?” आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला, पेन्सिल घालून सैल फीत ताणून घेतली. पंखा बंद केला, खिडकी लावली. टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला, समोर फोन ठेवला आणि श्वास आवरून बसले. गाणं उसळलं, गर्जलं, निवत गेलं. पियानो हळू झाला आणि शिट्टी झाली.

पाठवलं. सहा मिनिटं काहीच उत्तर आलं नाही. ती पूर्ण ऐकत होती. मग एक ओळ आली: “थांब, काकू आता जेवायला हाक मारतील.”