जुम्म्याचं न्हाणं

धाकटीच्या जन्मानंतर चौथ्या महिन्यात माझे केस गळायला लागले. कंगव्यात केस, उशीवर केस, बाळाच्या मुठीतही केस. बाहेर जाताना डोक्यावर ओढणी असायची, त्यामुळे कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. झाकलेल्या केसांचं कसलं एवढं दुःख, असं मीच मला समजावायचे आणि न्हाणीघरात रडायचे.

मिरजेला माहेरी गेले तेव्हा अम्मीने ओढणी काढायला लावली. रुंदावलेला भांग बघून ती काही बोलली नाही. पिशवी उचलून अत्तारांच्या दुकानात गेली. तिथे अत्तर, सुरमा, कुंकू आणि झाडपाल्याची औषधं शेजारी शेजारी मिळतात.

गुरुवारी रात्री तिने सहा रिठे फोडून बिया काढल्या. त्यात शिकेकाईच्या सात-आठ शेंगा, मूठभर आवळकाठी आणि चमचाभर मेथी घालून सगळं लिटरभर पाण्यात भिजवलं. सकाळी मंद आचेवर उकळून पाणी निम्मं केलं, गार झाल्यावर हाताने कुस्करलं आणि जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळलं. शेजारच्या काकूंच्या दारात जास्वंद आहे. फुलं त्यांच्या गणपतीला, पानं आम्हाला, हा जुना करार. पानं पाण्यात चोळली की बुळबुळीत रस निघतो. तो शेवटी लावायचा, गुंता सुटतो.

"डोळे मीट," अम्मी म्हणाली. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की काय होतं, हे ज्याचं गेलंय त्यालाच ठाऊक! मी घट्ट मिटले. तेवढ्यात रडूनही घेतलं.

सासरी परतल्यावर मी शहाणपणा केला. जास्त फेस म्हणजे जास्त गुण, असं समजून पंधरा रिठे टाकले. केस काथ्यासारखे झाले. रिठ्यातला फेस मळाबरोबर तेलही काढून नेतो, म्हणून तो बेतानेच घ्यावा. हे पाणी टिकतही नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन दिवसांत वापरून संपवावं. पहिल्यांदा करणारीने आधी मनगटावर थोडं लावून बघावं.

आणि खरं सांगायचं तर माझे केस या काढ्याने उगवले नाहीत. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा येतात, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. माझ्या रक्तात लोहही कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या. तुमचेही गळत असतील तर काढ्याच्या भरवशावर राहू नका, रक्त तपासून घ्या. काढ्याने केस स्वच्छ झाले, मऊ झाले. पण त्या सकाळी माझ्या मागे पाटावर कुणीतरी बसलं होतं, ते मला जास्त हवं होतं.

आता अम्मीची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली आहेत. रिठे फुटत नाहीत. ती माझ्याकडे आली की गुरुवारी रात्री मी भिजत घालते आणि जुम्म्याला तिला न्हायला घालते. तिचे केस विरळ झालेत, टाळू हाताला लागते. मी हलक्या हाताने चोळते.

"जोर लाव की गं," ती डोळे मिटून म्हणते, "मी काय तान्हं बाळ आहे?"