जाहिरात निघाल्यानंतर

राजस्थान उच्च न्यायालयाने 2009 साली अनुवादकांच्या 13 जागांची जाहिरात काढली. लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या. परीक्षेला 21 जण बसले होते. मग मुख्य न्यायमूर्तींचा आदेश आला: किमान 75 टक्के गुण हवेत. तिघेच पास. ही अट जाहिरातीत नव्हती.

*

गुण हातात आल्यावर कट-ऑफ ठरवायला बसलेल्या माणसापुढे नुसता आकडा नसतो, नावं असतात. 75 ठेवले तर कोण गळतो, 70 ठेवले तर कोण आत येतो, सगळं समोर असतं. हेतू स्वच्छ असेलही. पण बाहेर राहिलेल्याने त्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

*

7 नोव्हेंबर 2024. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल. भरती जाहिरातीपासून सुरू होते, जागा भरल्यावर संपते. मध्येच पात्रतेचे निकष बदलता येणार नाहीत; नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तरच, आणि तो बदलही कलम 14 च्या कसोटीला उतरला पाहिजे.

ही मुभा देणारं वाक्य कोण वाचतो? उमेदवार पदसंख्या पाहतो, वयोमर्यादा पाहतो, फी भरतो.

*

2009 मध्ये तिशीत असलेला उमेदवार निकालाच्या दिवशी पंचेचाळिशीचा.

*

केरळचं प्रकरण जास्त लागतं. 2017 मध्ये जिल्हा न्यायाधीशांच्या मुलाखती उरकल्यावर मुलाखतीसाठी किमान गुणांची अट आली. 2023 मध्ये घटनापीठाने ती मनमानी ठरवली. पण सहा वर्षं सेवेत असलेल्यांना काढणं योग्य नाही, म्हणून निवड तशीच राहिली. अन्याय झाला हे मान्य झालं, याचिकाकर्त्यांना खुर्ची मात्र मिळाली नाही.

*

पुणे, फेब्रुवारी 2023. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीविरुद्ध मुलं रस्त्यावर बसली. बदल 2025 वर गेला. आयोगाने आधी सांगितलं होतं, म्हणून हे राजस्थानसारखं नाही. तरीही मला मुलांची बाजू पटली. कायदा जाहिरातीपासून मोजतो. कॉट बेसिसवर राहणारा मुलगा घर सोडल्याच्या दिवसापासून मोजतो.

*

निकष मध्येच बदलले आणि कुणी कोर्टात गेलं, तर जितके याचिकाकर्ते तितक्या जागा निकालापर्यंत रिकाम्या ठेवाव्यात. केरळमध्ये तेवढं झालं असतं, तर 2023 मध्ये कुणालाही न काढता त्यांना नेमता आलं असतं.