टाकीवरचा पंखा

देह तळहाताएवढा, आवाज मात्र घरभर. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून निवृत्त झाला आणि अहमदपुरात आमच्या टाकीच्या काठावर नोकरीला लागला. खाली शंभर लिटर खारं पाणी, दोन क्लाउनफिश आणि मऊ पोवळी. (दगडी पोवळ्यांना 2001पासून वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे, ती घरी आणायची नसतात, कितीही मोह झाला तरी.)

या छंदाची पुस्तकं हीटरपासून सुरू होतात, कारण ती थंड मुलखात लिहिलेली. आमचा हीटर डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री राबतो आणि उरलेलं वर्ष बसून खातो. मार्चपासून कारभार पंख्याकडे.

विद्या एकच, माठाची. पृष्ठभागावरून वारा घालायचा, पाणी उडवायचं. एक लिटर उडालं की शंभर लिटरच्या टाकीतून सुमारे पावणेसहा अंशांची उष्णता निघून जाते. यात एक गंमत आहे. मुंबईत, ऐन समुद्राकाठी, हाच पंखा हात टेकतो, कारण तिथली हवा आधीच ओलीचिंब. बालाघाटावरच्या कोरड्या हवेत मात्र त्याला चेव येतो. समुद्राची नक्कल समुद्रापासून लांबच सोपी पडावी, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

पण गडी उधळ्या आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात हा रोज पाणी वाऱ्यावर सोडतो. शिवाय उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. खारं ओतलंत तर आठवडाभरात टाकीचं लोणचं.

पंख्याला नेमून द्यायचा तापमानाचा आकडा कोणता, यावरून घरात वाद झाला. पुतण्याचा हट्ट पंचविसाचा. पंचवीस चांगलंच, पण मे महिन्यात इथे पंख्याला ते पेलत नाही. पहाटे पंचवीस, दुपारी एकोणतीस असा झोका सुरू होतो आणि पोवळ्याला त्याचाच जाच जास्त. शेवटी कंट्रोलरवर सव्वीस-सत्तावीस ठरलं आणि टाकी स्लॅबच्या खोलीतून माळवदाच्या गार खोलीत हलवली. या दुसऱ्या कामाचा उपयोग पहिल्याहून अधिक झाला, असं माझं मत. सत्ताविसाच्या वर मात्र जाऊ द्यायचं नाही. पोवळं आपल्या सोसण्याच्या काठावरच जगतं. नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखादा अंश चढला आणि काही आठवडे टिकला, की आपल्या अंगातलं, आपल्याला पोसणारं शेवाळ ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 1998 साली लक्षद्वीपची पोवळी अशीच पांढरी पडली.

लाइट गेली तर? चिलर असता तर इन्व्हर्टरनं मान टाकली असती. पंख्याला दोन-तीन वॅट पुरतात. पाणी खेळवणाऱ्या छोट्या पंपासोबत तो आरामात तग धरतो. तो पंपही हवाच, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो.

पंखा मरतो तो मिठानंच. खारट तुषारांनी पाती पांढरी होतात, बेअरिंग धरतं, कुरकुरीचा घुरघुराट होतो. मग दुरुस्तीच्या दुकानातून नवा आणायचा. दुकानदार विचारतो, ‘‘कॉम्प्युटर कोणता आहे, काका?’’ माशांचा म्हटलं, की तो बिल बाजूला ठेवून आधी टाकी बघायला कधी येऊ ते विचारतो.